कडप्प्याच्या कपाटात व्हॅक्यूम बॅगा आणि स्प्रिंगचा रॉड, चार महिने वापरून लिहितेय

आधी कपाट सांगते, कारण कपाटाचं माप न सांगता "भारी आहे, घ्याच" लिहिणाऱ्यांमुळंच माझे पैसे गेलेत. आमचं लातूरला दोन खोल्यांचं जुनं घर. कपाट म्हणजे काय तर भिंतीत सोडलेली जागा, आत कडप्प्याचे कप्पे आणि बाहेरून सनमायकाची दोन दारं. रुंदी 36 इंच, खोली फक्त 16 इंच. त्यात चार माणसांचे कपडे, पाहुण्यांची अंथरुणं आणि माझ्या लग्नातल्या साड्या. सगळ्यात खालचा कप्पा तर धरूच नका, तिथं पाण्याचे कॅन अन् दोन घागरी. 2016 च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हापासून आमच्याकडं पाण्याचं भांडं घराबाहेर काढायचं नाव कुणी काढत नाही, लातूरवाल्यांना कळलं असेल.

तर दिवाळीच्या सफाईत डोकं फिरलं आणि ऑनलाइन तीन-चार वस्तू एकदम मागवल्या.

पहिल्या व्हॅक्यूम बॅगा. पाच बॅगांचा सेट, सोबत हातानं मारायचा पंप. व्हिडिओत ती बाई एवढी मोठी रजई घालते अन् फुस्स करून पापड करते, मला वाटलं आपल्या सगळ्या वाकळा एका कप्प्यात बसणार. कशाच्या बसतात! बॅग फक्त हवा काढते ना, आणि वाकळेत हवा असते कुठं, जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक दाबून टाके घातलेले, ती आधीच दाबलेली. पंप मारून मारून दंड दुखायला लागले आणि वाकळ होती तेवढीच, उलट दगडासारखी कडक झाली. पण लेकराची पॉलिस्टरची रजई आणि ब्लँकेट घातलं तर खरंच तिसरा हिस्सा राहिला, तिथं मात्र मानलं. म्हणजे फुगीर काय असेल ते घाला, सुती अंथरुणाला पैसे घालवू नका. कापसाची दुलई मध्येच कुठंतरी बसते, थोडी दबते.

अजून एक, पाचातल्या दोन बॅगा तीन आठवड्यांत परत फुगल्या. आधी वाटलं फाटल्या, मग बघितलं तर झिपमध्ये दोऱ्याचा बारीक तुकडा अडकलेला. पुसून, झिप बंद करायची ती निळी पट्टी दोन वेळा फिरवून बंद केली तर एक टिकली. दुसरी अजून फुगते, तिला मी सोडून दिलं. आणि घालायच्या आधी दिवसभर कडक ऊन दाखवा, जरा ओल राहिली की आत कोंदट वास अन् बुरशी. उन्हाची आपल्याकडं कमी नाही, तेवढं तरी फुकट आहे.

आता स्प्रिंगचा रॉड. हे जरा सविस्तर सांगते कारण सगळं घर उठवलं त्यानं. दोन भिंतींच्या मध्ये फिरवून घट्ट बसवायचा, खिळा नको ड्रिल नको. बसवला, ह्यांचे दहा-बारा शर्ट अडकवले, दार लावायला गेले तर दार लागेना. मग टेपनं मोजलं (जे आधी मोजायला पाहिजे होतं), साधं हँगर 17 इंच रुंद आणि माझं कपाट 16 खोल. सगळे शर्ट तिरके करून कसंबसं दार ढकललं. रात्री दोनला धाडकन आवाज. चुन्यानं रंगवलेल्या भिंतीवर त्या रॉडच्या रबराला पकडच नाही, हळूहळू सरकत सरकत खाली आला आणि येताना स्टीलचा डबा घेऊन आला.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, औसा तालुक्यातल्या. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला तो पहाटे चारच्या सुमाराला, गणपती बुडवून लोक नुकते झोपलेले. त्यानंतर कित्येक दिवस त्या अंगणात झोपल्यात. आवाज झाला तशा त्या लेकराला काखेत मारून थेट रस्त्यावर, आणि तिथून ओरडायल्या, "आरं निघा की बाहीर, काय करायलात आत!" आम्ही शर्ट गोळा करत होतो. आता हसतो आम्ही, पण त्या रात्री कुणी हसलं नाही. तेव्हापासून डोक्याच्या वर जड काही ठेवायचं नाही हा त्यांचा नियम अजून कडक झालाय, पत्र्याची पेटी वरच्या कप्प्यातून काढून पलंगाखाली गेली, अन् खरं सांगू का, त्यांचं बरोबरच आहे.

रॉडला शून्य स्टार. प्लायच्या मोठ्या कपाटात चालत असेल, आपल्या भिंतीत नाही.

कप्प्याखाली अडकवायच्या तारेच्या जाळ्या पण घेतल्या होत्या. त्यांचा आकडा प्लायच्या फळीच्या मापाचा, आमचा कडप्पा जाड, आत शिरलाच नाही. परत पाठवल्या, पैसे आले, विषय संपला.

काम केलं ते शेवटी गोलाईजवळच्या (आमच्या लातूरची जुनी बाजारपेठ) एका मिस्त्रीनं. त्यानं कपाट बघितलं, टेप लावला आणि म्हणाला, "ताई, शर्ट आडवे कशाला लावता, तोंड दाराकडं करून लावा." म्हणजे रॉड डावीकडून उजवीकडं नाही, मागून पुढं. मधला एक कडप्पा कटरनं काढला (दोन दिवस घरभर धूळ, डाळीच्या डब्यात सुद्धा धूळ, हे कुणी आधी सांगत नाही), दोन कप्पे मिळून 38 इंच उंची झाली, शर्ट लटकायला तेवढी लागतेच. मग मागच्या भिंतीला एक आणि पुढं एक अशा दोन लाकडी पट्ट्या, स्क्रू धरायचे गट्टू ठोकून बसवल्या, आणि त्यांच्या खाली बाहेर ओढता येणारे दोन रॉड शेजारी शेजारी. 36 इंचात 18-18 च्या दोन रांगा बरोबर बसल्या. एका रांगेत नऊ शर्ट. ओढलं की सगळी रांग बाहेर येते, मागचा शर्ट काढायला पुढचे विस्कटत नाहीत. सामान, मजुरी धरून बाराशे गेले. कडप्प्याला खालून ड्रिल मारायला मी सांगत होते, त्यानं साफ नाही म्हटलं, तडकतो म्हणे. बरं झालं ऐकलं.

तक्रार एकच, "उद्या येतो" म्हणून पाचव्या दिवशी आला. पण ते मिस्त्री लोकांचं आहेच.

लटकवायचं कापडी ऑर्गनायझर, पाच कप्प्यांचं, ते आता त्याच रॉडला आहे. तळाला पुठ्ठा आहे, जड काही ठेवलं की पोट येतं. लेकराचे बनियन, मोजे, रुमाल एवढ्यालाच ठीक. तीन स्टार.

साड्यांसाठी काहीच विकत नाही घेतलं. प्लास्टिकची खिडकी असलेली कव्हर बघितली होती, पण रेशमाला हवा लागते, कोंडलं की जरीची तार काळी पडते. व्हॅक्यूम बॅगेत तर पैठणी चुकूनही घालू नका, दाबून घडीवर जरीची तार तुटते. जुन्या सुती धोतराचे तुकडे करून एकेक साडी गुंडाळली, आणि एका उघड्या खोक्यात वह्या ठेवतो तशा उभ्या लावल्या. गठ्ठा केला की खालची साडी दिवाळीशिवाय दिसतच नाही, उभी लावली की सगळ्यांचे काठ दिसतात. पावसाळा संपला की काढून घडी बदलायची. डांबराच्या गोळ्या जरीला चिकटू देऊ नका, मी कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून ठेवलाय.

स्प्रिंगचा रॉड फेकला नाही, मोरीत दोन टाइल्सच्या मध्ये लावलाय, तिथं रबर पकडतं, पोतेरं वाळायला. आत्याबाई अजून त्याच्याकडं बघत बघतच आत जातात.