सात महिने वापरल्यावर: हॅम रेडिओचा किलोवॅटचा एलडीमॉस अँप्लिफायर आणि ४४ अंशांवर अडून बसलेला डिस्प्ले

डिस्प्लेवर तापमान ४४ अंश, आणि पॉवर १००० वॉटवरून ८५० वर. दहा मीटर बँडवर एफटी८ (क्षीण सिग्नलवरही चालणारी डिजिटल पद्धत) चालू असताना तिसऱ्या-चौथ्या फेरीतच हे व्हायला लागलं, तेव्हा मे महिन्यात लिहिलेला कौतुकाचा अभिप्राय मागे घेणं आलं. एफटी८ला किलोवॅट कशाला, हा टोमणा मान्य. पण ब्रोशरवर ‘शंभर टक्के ड्यूटी सायकल’, म्हणजे पूर्ण पॉवर न थांबता, असं छापून त्याचेच तर पैसे घेतलेत.

अँप तोच, ५० व्होल्टचा एका एलडीमॉस ट्रान्झिस्टरवाला, सूटकेसएवढा. स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत. ह्यूस्टनच्या गॅरेजमध्ये ऑगस्टात हवा ३६ अंश असते, हे मात्र धरून चाला. (भारतातल्या परवान्याला एवढी पॉवर चालत नाही, पण खालचं गणित ४०० वॉटलाही तसंच लागू आहे.) अमेरिकेत घेणाऱ्यांनी २४० व्होल्टची लाइन ओढूनच घ्यावी. १२० वर पूर्ण पॉवरला १५ अँपिअरच्या वर जातं आणि ब्रेकर पडतो.

विक्रेत्याचं उत्तर: ‘अँटेना बघा, निम्म्या पॉवरवर चालवा.’ अँटेना बघितली, एसडब्ल्यूआर (पॉवर किती परत फिरते त्याचं माप, आदर्श १) १.२. सप्लाय बघितला, लोडवर ४९.६ व्होल्ट, म्हणजे त्याचं व्होल्टेजही पडत नाही. करंट ३६ अँपिअर. म्हणजे आत जातात साधारण १७८५ वॉट, बाहेर येतात १०००, आणि उरलेले ७८५ वॉट बोटाच्या पेराएवढ्या जागेत उष्णता होऊन बसतात. एलडीमॉस तापला की गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) उतरतो, ड्राइव्ह (आत दिलेला सिग्नल) तेवढाच ठेवला तर पॉवर पडते. लक्षण अगदी तेच होतं. मग डिस्प्ले ४४ का म्हणतो?

कारण सेन्सर हीटसिंकच्या कडेला, पंख्याच्या थेट वाऱ्यात स्क्रूने बसवलाय. ट्रान्झिस्टरपासून चांगला वीतभर लांब! तापलेल्या पेशंटचा ताप चपलेला थर्मामीटर लावून बघण्यातला प्रकार. के-टाइप थर्मोकपल ट्रान्झिस्टरच्या फ्लँजजवळ (धातूच्या तळाजवळ) कॅप्टॉन टेपने चिकटवून मोजलं: ८२ अंश. (ट्रान्समिट चालू असताना मीटरवर आरएफमुळे काहीही आकडे नाचतात. ट्रान्समिट थांबल्याबरोबर पहिल्या सेकंदातला आकडा धरा.) केसपासून (बाहेरच्या कवचापासून) जंक्शनपर्यंत (आतल्या चिपपर्यंत) साधारण ०.१ अंश प्रति वॉट धरले तर आत १६०. कमाल मर्यादा २२५ आहे, त्यामुळे जळणार नाही. पण रोज एवढा तापवून आयुष्य कमी होतंच. आणि ट्रिपची (अँप आपोआप बंद होण्याची) मर्यादा ५५ लावलीये ती कडेच्या आकड्यावर. कड ५५ वर पोचेपर्यंत ट्रान्झिस्टरचं काय झालेलं असेल, याचा विचारच डिझायनरने केलेला दिसत नाही.

पंख्याचा घोळ वेगळा. १२० मिलिमीटरचे दोन पंखे हीटसिंकच्या पात्यांना अगदी टेकून बसवलेत. पंख्याच्या मधोमध मोटरचा डबा असतो, त्याच्यापुढे वारा जवळपास नसतो. आणि एका पंख्याचा तो डबा येतो नेमका ट्रान्झिस्टरच्या पाठीशी! ७८५ वॉट बाहेर काढायला, हवा १५ अंशांनी तापू द्यायची म्हटलं तर, मिनिटाला सुमारे ९२ घनफूट हवा पात्यांमधून प्रत्यक्ष जायला हवी. पंख्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो, दाट पात्यांसमोर तो निम्म्यावरही येतो. २० मिलिमीटर उंचीचे स्पेसर लावून आणि कडा ॲल्युमिनियमच्या पट्टीने बंद करून पंखे मागे घेतले की मधली पातीही वाऱ्यात येतात. खर्च जवळपास शून्य. विक्रेत्याच्या ‘कूलिंग अपग्रेड किट’मध्ये मात्र तेच पंखे जास्त पैशांत, स्पेसर नाहीच.

इथपर्यंत माझं मत ‘घेऊ नका’, दोन तारे, असंच होतं. तांब्याची प्लेट उघडल्यावर ते थोडं मऊ झालं, कारण मूळ काम चांगलं आहे. ट्रान्झिस्टर प्लेटला नीट सोल्डर केलाय, त्याला हात लावू नका. गडबड प्लेट आणि हीटसिंकच्या मधे आहे: उष्णता वाहून नेणारी पेस्ट श्रीखंड थापल्यासारखी, मधोमध जाड, कडेला सुकलेली. वायरिंगचे फोटो काढा, डीसी वायर आणि आउटपुट कोॲक्स सोडवा, आठही बोल्ट काढा. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिलने पुसा, पट्टी आडवी धरून प्लेट सपाट आहे का बघा. नवी पेस्ट धातूचा रंग जेमतेम झाकेल इतकीच. बोल्ट मधल्यांपासून बाहेर, आलटून पालटून, तीन फेऱ्यांत आवळा. दोन-तीन वेळा तापून गार झाल्यावर परत एकदा आवळा, हमखास थोडे फिरतात.

सेन्सरही तेव्हाच हलवून प्लेटवर, फ्लँजपासून सेंटिमीटरभर अंतरावर आणा आणि मेन्यूत ट्रिप ५५ वरून ७५ करा. न केलंत तर अँप दर दोन मिनिटांनी बंद पडेल, आणि मग सेन्सर पुन्हा कडेला न्यायचा मोह होईल.

फॅन कंट्रोलरच्या पीडब्ल्यूएमचा (वेग बदलायला वीज भरभर चालू-बंद करण्याचा) खरखराट चाळीस मीटर बँडवर ऐकू येतो, शिवाय ट्रान्समिट थांबलं की पंखे लगेच थांबतात, प्लेट तापलेलीच. तो काढून टाकला. एलएम३१७ व्होल्टेज रेग्युलेटर, २४० ओहम आणि १.३ किलोओहमने ८ व्होल्ट, त्यावर पंखे कायम मंद फिरतात. त्याच्या इनपुट-आउटपुटमध्ये केएसडी३०१ थर्मल स्विच, ४५ अंशांचा, नॉर्मली ओपन (गार असताना उघडा), हीटसिंकवर. तापला की पंख्यांना थेट १२ व्होल्ट. एलएम३१७ला छोटा हीटसिंक द्या. ८ व्होल्टवर पंखे थंडीतही सुरू होतात ना, हे आधी तपासा.

आता त्याच फेऱ्यांत, त्याच गॅरेजमध्ये फ्लँज ६९ वर थांबते आणि पॉवर ९७० च्या खाली येत नाही. एसएसबीला (आवाजी बोलण्याला) तर पंखे मोठ्याने फिरतच नाहीत. दोनचे तीन तारे केलेत, चौथा नाही. हवेच्या जाळीचा स्पंज महिनाभरात भरतो आणि तेवढ्याने फ्लँज ७४ वर जाते, पण तो काढायला अजूनही सहा स्क्रू खोलावे लागतात.