वस्तीतला संडास की एसआरएची खोली?

मुंबईतल्या आमच्या मावशीने झोपडपट्टी आणि एसआरएची (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाची) इमारत, दोन्ही अनुभवलंय, म्हणून तुलना सोपी.

वस्ती आहे तिथेच सुधारायची, हा जुना मार्ग. १९८५च्या सुमारास जागतिक बँकेच्या मदतीने गटारं, नळ, पायवाटा आणि सोसायट्यांना जमिनीचा भाडेपट्टा अशी योजना आली. नव्वदच्या दशकात सार्वजनिक संडास बांधून त्यांची देखभाल वस्तीच्याच मंडळाकडे द्यायला सुरुवात झाली. मावशीच्या गल्लीत घरटी महिन्याचा पास होता. पाणी पहाटे यायचं; पाच घरांत एक नळ, निळे ड्रम आणि कोणाचा पाइप आधी यावरून रोजची हमरीतुमरी. पण दाराशीच पापड लाटून वाळत घालता यायचे.

दुसरा मार्ग १९९५मध्ये स्थापन झालेल्या एसआरएचा. बिल्डर विक्रीच्या इमारतीतून पैसा काढतो, पात्र झोपडीधारकाला फुकट घर मिळतं. आधी २२५ चौरस फूट, आता ३००. आत स्वतःचा संडास, स्वतःचा नळ. रात्री पोरीबाळींना अंधारात जावं लागत नाही, एवढ्यासाठीच मी याला झुकतं माप देईन.

मात्र पंप बिघडला की सातव्या मजल्यावर हंडे चढवायचे. लिफ्टचं बिल, मेंटेनन्स वेगळा. इमारती इतक्या खेटून की दुपारीही ट्यूबलाइट लागते. आणि कागद अपुरे पडले तर खोलीच नाही. पाण्याचं तसं नाही: २००० नंतरच्या झोपड्यांनाही ते नाकारता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१४मध्येच सांगितलंय.

मावशी पापड आता गच्चीवर वाळवते, सेक्रेटरीकडून किल्ली मिळाली तर.