हिचकॉकचे इंग्लंडमधले चित्रपट फुकटात: चित्राचं भागतं, आवाजाचं नाही

गेल्या आठवड्यात 'ब्लॅकमेल'ची (1929) एक स्वच्छ प्रत हाती लागली, म्हणून हे लिहायला बसलो. बरेच महिने आल्फ्रेड हिचकॉकचे सुरुवातीचे चित्रपट नेटवर फुकटात बघतोय. पैसे भरून घेतलेल्या ओटीटीवर 1940 च्या आधीचा हिचकॉक जवळजवळ नव्हताच. जे बघायचंय तेच नाही तर दर महिन्याला पैसे कशाला घालवायचे? बंद करून टाकलं. नेटवर 'द लॉजर'पासून (1927) 'द लेडी व्हॅनिशेस'पर्यंत (1938) बहुतेक सगळं मिळतं. 'द माउंटन ईगल' मिळत नाही, पण तो जगातच कुठे शिल्लक नाही.

चित्राबद्दल माझी फारशी तक्रार नाही. बहुतेक प्रती जुन्या स्वस्त डीव्हीडींवरून उतरवलेल्या असतात. ओरखडे असतात, कडा कापलेल्या असतात, अंधारातलं काही धड दिसत नाही. तरी डोळे जुळवून घेतात. 'द लॉजर'मध्ये भाडेकरू वरच्या खोलीत येरझारा घालतो आणि खालच्यांना छतातून त्याची पावलं दिसतात. जाड काचेची जमीन करून तो शॉट घेतला होता. मूकपटात पावलांचा आवाज ऐकवता येत नाही, म्हणून हिचकॉकने तो दाखवला. हे अगदी टाकाऊ प्रतीतही अंगावर येतं.

आवाजाचं तसं नाही, आणि माझा सगळा राग इथेच आहे. 'ब्लॅकमेल' पहिला ब्रिटिश बोलपट मानला जातो. सुरुवात मूकपट म्हणून झाली, मग बराच भाग आवाजासह पुन्हा चित्रित केला. नायिका अॅनी ओंड्रा हिचे उच्चार चेक वळणाचे, म्हणून ती नुसते ओठ हलवायची आणि कॅमेऱ्याबाहेर माइकपाशी उभी राहून जोन बॅरी संवाद म्हणायची. पण खरी करामत न्याहारीच्या प्रसंगात आहे. अंगावर आलेल्या चित्रकाराला अॅलिसने, म्हणजे नायिकेने, आदल्या रात्री पाव कापायच्या सुरीने मारलेलं असतं. सकाळी शेजारीण त्याच खुनावर अखंड बडबडत असते. हळूहळू तिचं बोलणं पुसट होत जातं, गुणगुण उरते, आणि त्यातून फक्त 'नाइफ' हा शब्द तेवढा लख्ख ऐकू येतो. पुन्हा, पुन्हा. वडील पाव कापायला सांगतात, अॅलिस सुरी हातात घेते, आणि शेवटचा 'नाइफ' असा आदळतो की सुरी तिच्या हातून उडते.

मी आधी पाहिलेल्या प्रतीत सगळंच पुसट होतं. शेजारीण पहिल्यापासून पुटपुटत होती, त्यामुळे दिग्दर्शकाने काही केलंय हेच कळत नव्हतं. तोवर माझं मत असं होतं, की हा चित्रपट इतिहास म्हणून बघावा, थरार म्हणून नाही. स्वच्छ प्रत पाहिली आणि मत पार फिरलं. ऐन तिशीच्या आतल्या माणसाने, बोलपट आल्याआल्या, आवाज कुठे काढून घ्यायचा हे ओळखलं होतं.

त्यानंतर आधी पाहिलेले काही परत लावले, तर सगळीकडे आवाजाचा तोच खेळ. 'द 39 स्टेप्स'मध्ये (1935) साफसफाईला आलेली बाई प्रेत बघून तोंड उघडते आणि किंकाळीच्या जागी आगगाडीची शिट्टी येते. 'सीक्रेट एजंट'मध्ये (1936) चर्चमधल्या ऑर्गनचा सूर लांबतच जातो, कारण वाजवणारा पट्ट्यांवर मरून पडलाय. 'द लेडी व्हॅनिशेस'मधली म्हातारी नाव सांगते ते गाडीच्या शिट्टीत बुडतं, म्हणून ती काचेवर बोटाने लिहून दाखवते, आणि पुढे त्याच अक्षरांवर सगळं अडतं. खरखरणाऱ्या प्रतीत किंकाळी काय, शिट्टी काय, सगळं एकाच पातळीवर. फुकट म्हणून हे सोसायचं का? मला नाही पटत. प्रत चढवण्याआधी दहा मिनिटं कानाला हेडफोन लावून ऐकायला काय जातं?

मूकपटांवर तर कुठलंही संगीत चिकटवून दिलेलं असतं. 'द लॉजर'मध्ये लंडनच्या धुक्यात सोनेरी केसांच्या मुलींचे खून होताहेत आणि मागे लग्नातला बँड शोभेल असलं काहीतरी. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने 2012 मध्ये उरलेले नऊही मूकपट दुरुस्त करून घेतले. 'द लॉजर'ला संगीतकार नितीन साहनी यांनी नवं संगीत दिलं. पण नव्या संगीताचे हक्क नवे असतात, तेव्हा ते असं वाटेल तिथे फुकट मिळणं बरोबरही नाही. मी सरळ आवाज बंद करून बघतो. वेगही तपासा. बरेचसे मूकपट सेकंदाला चोवीस फ्रेमपेक्षा कमी वेगाने दाखवायचे असतात. प्रत घाईत चालत असेल तर माणसं टुणटुण उड्या मारतात आणि गंभीर प्रसंगाला हसू येतं. एकाच चित्रपटाच्या तीन प्रतींच्या तीन लांब्या दिसल्या तर कारण अनेकदा हेच असतं.

'पब्लिक डोमेन', म्हणजे हक्क संपून सगळ्यांना खुला, हा शिक्का बघून विश्वास ठेवू नका. अमेरिकेत 'द लॉजर' 2023 च्या 1 जानेवारीला खुला झाला, 'ब्लॅकमेल' 2025 च्या. 'द 39 स्टेप्स' तिथे अजून खुला नाही, तरी शिक्का त्याच्यावरही मारलेला असतो.

सबटायटल्स आपोआप तयार झालेली असतील तर बंदच ठेवा. 'द 39 स्टेप्स'मधल्या स्कॉटलंडच्या शेतकऱ्याच्या घरातलं बोलणं त्यात ओळखू येत नाही. 'नंबर सेव्हन्टीन' (1932) सोडून दिला तरी चालेल. 'सॅबोटाज' (1936) मात्र बघाच, मुलगा बसमधून बॉम्ब घेऊन जातो तेवढ्यासाठी तरी.

आता अडलोय 'मर्डर!'पाशी (1930). नायक दाढी करतोय, रेडिओवर वाग्नरचं संगीत चालू आहे आणि त्याचे मनातले विचार आपल्याला ऐकू येतात. आवाज नंतर मिसळायची सोय नव्हती, म्हणून सेटच्या मागे खरा वाद्यवृंद बसवून हे एकदमच ध्वनिमुद्रित केलं होतं. माझ्याकडच्या प्रतीत वाद्यांखाली विचार पार बुडालेत. दोन्ही वेगवेगळं ऐकू येईल अशी प्रत कुणाला ठाऊक असेल तर खाली कळवा. रीतसर विकत मिळत असेल तरी सांगा, या एकासाठी पैसे मोजायची तयारी आहे.