शिकारीच्या काडतुसासाठी गोळी कोणती: पार्टिशन, तांब्याची की बाँडेड?

अमेरिकेत शिकारीचा परवाना काढलाय, .३०-०६ रायफल घेतलीय, रीलोडिंगचा (घरी काडतुसं भरण्याचा) प्रेस टेबलाला घट्ट बसवलाय आणि आता गोळ्यांच्या डब्यांपुढे गाडी अडलीय, अशांसाठी हे लिहितोय. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळपास बंदच आहे. त्यामुळे पुढचं सगळं कोलोरॅडो, मोंटाना अशा राज्यांतल्या हरीण आणि एल्क (मोठ्या जातीचं हरीण) यांच्या शिकारीपुरतं समजा.

आधी नॉस्लर पार्टिशन. १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात चिखलानं माखलेल्या एका मूसवर (अजस्र जातीच्या हरणावर) जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या वरच्यावर फुटल्या, आत खोल गेल्याच नाहीत. त्या त्राग्यातून ही गोळी आली आणि १९४८ पासून ती विकली जातेय. आवरणाच्या मधोमध धातूची आडवी भिंत, तिच्या पुढे-मागे शिशाचे दोन वेगळे भाग. पुढचा भाग फुलतो आणि बराचसा झडतो. मागचा अख्खा राहून आत घुसत जातो.

बार्न्स कंपनीची एक्स गोळी १९८९ ची. शिसं अजिबात नाही, सगळं तांबं. टोकाच्या पोकळीत दाब भरला की ते उमलून चार पाकळ्या होतात आणि वजन जवळपास तेवढंच राहतं. आजच्या टीएसएक्स आणि टीटीएसएक्स तिच्याच सुधारलेल्या आवृत्त्या.

इथे एक हिशोब करून बघाच. पार्टिशन साधारण दोन तृतीयांश वजन राखते, म्हणजे १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी शेवटी १२० च्या आसपास उरते. १५० ग्रेनची तांब्याची गोळी पाकळ्या तुटल्या नाहीत तर १५० च उरते. म्हणून तांब्यात एक पायरी हलकी गोळी घ्यावी. ती वेगानं सुटते, आणि तांब्याला वेग हवाच असतो. वेग कमी पडला तर पाकळ्या नीट उघडत नाहीत, गोळी बारीक भोक पाडून आरपार जाते आणि जखमी जनावर लांब पळतं. पार्टिशन सेकंदाला १८०० फुटांपर्यंतही उघडते. .३०-०६ मधून २७०० फुटांनी सुटलेली १८० ग्रेनची पार्टिशन ४०० यार्डांवर २००० च्या आसपास येते, म्हणजे तिच्या हाताशी थोडी शिल्लक राहते.

भरायला बसलात की खरा फरक जाणवतो. शिशाची घनता ११.३, तांब्याची ९ पेक्षाही कमी, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. ती पुंगळीत खोल उतरते, दारूची जागा खाते आणि दाबाचं गणित बदलतं. वजन सारखं आहे म्हणून पार्टिशनचा दारूचा आकडा तांब्याच्या गोळीला लावायचा नाही, हे कोरून ठेवा. त्याच गोळीचं मॅन्युअल उघडा, सुरुवातीच्या मापापासून निघा आणि दर टप्प्याला दाब वाढल्याच्या खुणांसाठी पुंगळीची बूड व प्राइमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) बघा. गोळी नळीच्या आट्यांपासून (गोळीला फिरवणाऱ्या खाचांपासून) किती मागे बसवायची, यावरही तांब्याचा नेम बराच अवलंबून असतो. बार्न्स ०.०५० इंच, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास अंतर ठेवून सुरुवात करायला सांगतात. गोळी मॅगझिनमध्ये मावत असेल तर मीही तिथूनच सुरू करतो. आधी नळीतला जुना तांब्याचा थर सॉल्व्हंटनं पूर्ण काढा, नाहीतर चांगला लोडही टार्गेटवर विखुरलेला दिसेल. पार्टिशन इतके लाड मागत नाही.

तरीही माझा कल तांब्याकडे आहे, आणि त्याचं कारण मांस. शिशाची गोळी फुटते तेव्हा बारीक कण जखमेपासून बरेच लांब पसरतात. दिसत नाहीत, दाताखालीही येत नाहीत, एक्स-रेत मात्र चमकतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्यात असे कण सापडले आणि तो वाटू नका, असं आरोग्य खात्याला सांगावं लागलं. माझ्या घरातली मुलं ते मांस खातात, त्यामुळे मला हा मुद्दा बाजूला सारता येत नाही. जंगलात टाकलेली आतडी कॉन्डर (तिथली गिधाडं) खातात आणि शिशाच्या विषबाधेनं मरतात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे, तिथे निवडीचा प्रश्नच उरत नाही. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधानं आपली गिधाडं कशी संपवली हे पाहिलेल्या माणसाला यात जास्त पटवावं लागू नये.

नॉस्लरचीच अॅक्युबाँड, म्हणजे बाँडेड गोळी, या दोघींच्या मधली. शिसं आवरणाला जोडलेलं असल्यानं ती वजन साधारण पार्टिशनइतकं राखते, आकार निमुळता म्हणून लांबवर वेगही टिकवते. शिशाला हरकत नसेल आणि मोकळ्या माळावर लांबचे नेम घ्यायचे असतील तर हीच घ्या.

.३०-०६ आहे, हरीण किंवा एल्क आहे, अंतर ३०० यार्डांच्या आत आहे, तर १५० किंवा १६८ ग्रेनची टीटीएसएक्स घ्या आणि नेम खांद्याच्या हाडाजवळ धरा, म्हणजे तिला उमलायला काहीतरी कठीण मिळेल. रायफल जुनी असेल, तांब्याशी तिचं जमतच नसेल, तर पार्टिशन निःशंक भरा. मात्र मांस कापताना जखमेभोवतीचा हातभर भाग काढून टाका. तो कुत्र्यालाही घालू नका.