फोनचा कीबोर्ड बदलून बरेच महिने झाले, त्याबद्दल थोडं

फोनमधला कीबोर्ड हेही एक ॲपच असतं आणि ते बदलता येतं, हे ऐकून माहीत असतं. तरी बहुतेकजण फोनसोबत जो आला तोच फोन मरेपर्यंत वापरतात. मी बदलला तो वैतागून. मी लिहायचे एक आणि उमटायचं दुसरंच. स्पेस दाबली रे दाबली की नीट लिहिलेला शब्द बदललेला असायचा, आणि तो बदलला हे समजायचं मेसेज गेल्यावर. वर स्टिकर, जिफ, थीम आणि शोधचौकट यांची एक पट्टी. ती चुकून दाबली गेली की अर्धा स्क्रीन झाकला जायचा.

तेव्हापासून बरेच कीबोर्ड आलटून पालटून वापरले. काही दोन दिवसांत काढले, दोन-तीन टिकले. फोन अँड्रॉइडचा आहे, त्यामुळे बहुतेक अनुभव तिथलाच.

सगळे पहिला प्रश्न विचारतात तो वेगाचा. वेग फारसा वाढला नाही. खोडाखोड मात्र खूप कमी झाली, आणि माझ्या मते कीबोर्ड जोखायचा तर त्यावरच जोखावा. मिनिटाला किती शब्द टाइप होतात हा आकडा मिरवायला ठीक आहे. प्रत्यक्षात वेळ जातो तो मागे जाऊन दुरुस्ती करण्यात, आणि डोकं उठतं तेही त्यातच.

यावर एक मोठा अभ्यासही झालेला आहे. आल्टो विद्यापीठ, केंब्रिज आणि ईटीएच झुरिक इथल्या संशोधकांनी २०१९ मध्ये सुमारे ३७ हजार लोकांचं फोनवरचं टायपिंग तपासलं होतं. सरासरी वेग निघाला मिनिटाला ३६ शब्दांच्या आसपास. गंमत पुढे आहे. ऑटोकरेक्ट, म्हणजे शब्द आपोआप दुरुस्त करणारी सोय, वापरणारे इतरांपेक्षा वेगवान निघाले, पण वरच्या पट्टीतून सुचवलेले शब्द निवडत बसणारे मात्र मागे पडले. कारण उघड आहे: तीन शब्द वाचायचे, त्यातला आपला आहे का बघायचं, नसला तर परत खाली यायचं. तेवढ्यात शब्द लिहून झालेला असतो. हे वाचल्यावर मी सजेशनची पट्टी बंद केली. पहिले काही दिवस काहीतरी हरवल्यासारखं वाटलं, नंतर तिची आठवणही आली नाही.

पण हा अभ्यास इंग्रजी टायपिंगचा होता, आणि ऑटोकरेक्टबद्दलचं त्याचं म्हणणं मराठीला जसंच्या तसं लावता येत नाही. ऑटोकरेक्ट शब्दयादीवर चालतं. 'घर' यादीत असतं, 'घरात' असतं, 'घरातला'ही बहुधा सापडेल. 'घरातल्यांनासुद्धा' कुठून असणार? आपण एकेका शब्दाला प्रत्यय, त्यावर शब्दयोगी, त्यावर 'च' नाहीतर 'ही' अशी रांग लावत जातो. त्यात सामान्यरूप आलं की मूळ शब्दच बदलतो, घोडा असतो आणि घोड्यावरून उतरतो. अशी सगळी रूपं यादीत कोंबणं अवघड. मग कीबोर्डला आपला बरोबर शब्द चुकीचा वाटतो आणि तो जवळचा ओळखीचा शब्द आपल्या माथी मारतो. इंग्रजीत जो नोकर मदत करतो, तोच मराठीत आगाऊपणा करतो. म्हणून आता माझ्याकडे इंग्रजीसाठी ऑटोकरेक्ट चालू आणि मराठीसाठी बंद आहे. भाषेनुसार ते वेगळं ठेवता येतं का, हे नवीन कीबोर्ड घेताना मी आधी बघते.

बोट न उचलता अक्षरांवरून फिरवून लिहायच्या पद्धतीचंही तेच. ती लोकप्रिय केली स्वाइप नावाच्या कीबोर्डने. त्याच्या दोन जनकांपैकी एक, क्लिफ कुशलर, जुन्या बटणांच्या फोनवरच्या टी-नाइन या लिहायच्या पद्धतीच्याही मागे होता. दोन्हींत तत्त्व एकच: तुम्ही अंदाजे खूण करा, शब्द यादीतून शोधला जाईल. इंग्रजीत हे झकास चालतं, एका हातात पिशवी असली तर दुसरा पर्यायच नाही. मराठीत छोट्या वाक्यांना चालतं. लांब शब्द आला की थांबून हाताने लिहा. मी हळूहळू ते मराठीपुरतं सोडून दिलं.

आता रोमन अक्षरांत लिहून देवनागरी उमटवण्याबद्दल. आपल्यातले बहुसंख्य असंच लिहितात आणि मीही वर्षानुवर्षं तेच केलं. शिकावं काहीच लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण 'kal' टाइप केलं की काल, कल, कळ, काळ असे सगळे हजर होतात आणि निवडायचं तुम्हीच. न-ण, ल-ळ, त-ट, द-ड या प्रत्येक जोडीपाशी कीबोर्ड अंदाज बांधतो. अंदाज बरोबर आला तरी तो बरोबर आहे हे बघायला नजर वर न्यावीच लागते. म्हणजे सजेशनची पट्टी बंद करायची सोयच उरत नाही, ती पट्टीच तुमचा कीबोर्ड असते.

म्हणून इन्स्क्रिप्टकडे, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांच्या बटणांच्या मांडणीकडे वळले. स्वर आणि मात्रा डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, आणि क ला शिफ्ट घेतला की ख, ग ला शिफ्ट की घ. रचना इतकी तर्कशुद्ध आहे की अर्धी आपोआप पाठ होते. उरलेली अर्धी मात्र छळते. सुरुवातीला साधं 'हो, येते' लिहायला इतका वेळ लागायचा की समोरची व्यक्ती फोनच करायची. पुढे एक दिवस लक्षात आलं की आपण बटणांकडे न बघता लिहितोय. ऱ्य ची गोष्ट तर फार आवडली. 'वाऱ्यावर' लिहायचं तर शिफ्ट आणि र, मग हलन्त, मग य. नुसता र घेतला तर 'वार्यावर' होतं आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यात खुपतं. रोमनमधून लिहिताना हे प्रकरण कीबोर्डच्या मर्जीवर होतं, आता माझ्या बोटात आहे.

बॅकस्पेसबद्दल कुणी फारसं बोलत नाही, पण देवनागरीत खरी परीक्षा त्याची होते. समजा 'स्त्रि' लिहिलं गेलं आणि वेलांटी दुसरी हवी होती. आपल्याला दिसतं एक अक्षर, पण फोनच्या लेखी ती सहा चिन्हं आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी. काही कीबोर्ड बॅकस्पेसला फक्त शेवटची वेलांटी काढतात, दुसरी घाला आणि पुढे चला. एक कीबोर्ड मात्र आख्खं जोडाक्षर उडवायचा. प्रत्येक ऱ्हस्वदीर्घासाठी सहाच्या सहा पुन्हा! तो मी त्याच आठवड्यात काढून टाकला. नवीन कीबोर्ड बसवला की मी आता पहिल्यांदा हेच करून बघते. स्त्रि लिहायचं, एकदा खोडायचं, काय उरतं ते बघायचं.

सगळ्यात वेगळा प्रयोग नऊ बटणांचा. मेसेजईज नावाचा जुना कीबोर्ड होता, त्याच कल्पनेवरचा मुक्तस्रोत (ज्याचा कोड कुणालाही बघता येतो असा) थंब-की मी वापरला, तोही फक्त इंग्रजीसाठी. तीन बाय तीनची चौकट, प्रत्येक बटणाच्या मधोमध इंग्रजीत सतत लागणारं एकेक अक्षर. ए, एन, आय, एच, ओ, आर, टी, ई आणि एस ही ती नऊ. ती नुसती दाबायची, बाकीची बटणावरून आठपैकी एका दिशेला अंगठा सरकवून काढायची. नेहमीच्या कीबोर्डात एका ओळीत दहा बटणं असतात, इथे तीन अक्षरांची आणि एक कामाचं अशी चारच. त्यामुळे बटण एवढं मोठं की शेजारचं चुकून दाबलं जाणं जवळजवळ थांबतं, आणि ऑटोकरेक्टची गरजच संपते. पासवर्ड, ईमेल पत्ते, विचित्र नावं, कोडच्या ओळी, म्हणजे जे जे शब्दयादीत नसतं ते सगळं यावर फार सुखाने लिहिता येतं.

पण शिकणं कंटाळवाणं आहे आणि ते कुणी लपवू नये. शिवाय फोन दुसऱ्या कुणाच्या हातात गेला की पंचाईत. आईने एकदा काहीतरी शोधायला फोन घेतला आणि दोन मिनिटांनी परत आणून दिला. "अगं, यातली एबीसीडी कुठे गेली?" मी अंगठा सरकवून दाखवला तर म्हणाली, "तूच शोध मग." तिचं बरोबर होतं. घरात फोन हातोहात फिरत असेल तर नऊ बटणांच्या नादी लागू नका, किंवा निदान भाषा बदलायच्या बटणावर साधा कीबोर्ड ठेवा.

आता जरा गंभीर भाग. कोणताही नवीन कीबोर्ड चालू करताना अँड्रॉइड एक इशारा दाखवतो: हा कीबोर्ड तुम्ही लिहिता ते सगळं, पासवर्ड आणि क्रेडिट कार्डचे नंबरसुद्धा, गोळा करू शकतो. आपण 'ओके' दाबून पुढे जातो. पण त्यात अतिशयोक्ती नाही. बाकीच्या ॲपना आपापलंच दिसतं, कीबोर्डला सगळ्यांमधलं दिसतं. कॉपी केलेल्या मजकुराचंही तसंच. अँड्रॉइड १० पासून पडद्यामागे असलेल्या ॲपना क्लिपबोर्ड वाचता येत नाही, पण निवडलेल्या कीबोर्डला येतो. एआय-टाइप या कीबोर्डचा सुमारे ३ कोटी १० लाख वापरकर्त्यांचा डेटा २०१७ मध्ये विनापासवर्ड सर्व्हरवर उघडा सापडला होता. एप्रिल २०२४ मध्ये टोरंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅब या संशोधन गटाने चिनी लिहिण्यासाठीचे, क्लाउडवर चालणारे (म्हणजे लिहिलेलं कंपनीच्या सर्व्हरवर पाठवणारे) नऊ कंपन्यांचे कीबोर्ड तपासले. आठ कंपन्यांच्या कीबोर्डमध्ये टाइप केलेला मजकूर वाटेतच वाचता येईल अशा त्रुटी निघाल्या.

याचा अर्थ फोनसोबत आलेला आपोआप सुरक्षित आणि बाहेरचा धोकादायक, असा नाही. त्या आठांतले काही फोनसोबतच आलेले होते. मी एक सरळ चाळणी लावते: कीबोर्डला इंटरनेटची परवानगी आहे का? अक्षरं उमटवायला इंटरनेट लागत नाही. हेलीबोर्ड नावाचा कीबोर्ड ही परवानगी मागतच नाही, म्हणून माझा मुख्य कीबोर्ड सध्या तो आहे. मुक्तस्रोत आहे, जाहिरात नाही, स्पेसबारवर बोट सरकवलं की कर्सर सरकतो. सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बटणांची मांडणी स्वतः बदलता येते. मी ॲ आणि ऑ ची सोय अ दाबून धरल्यावर निघेल अशी करून घेतली आहे. त्यात बोट फिरवून लिहायची सोय मात्र तयार मिळत नाही, त्यासाठी बाहेरून एक वेगळी फाइल घालावी लागते. शब्दकोशही हवा असेल तर वेगळा आणा. 'बसवला आणि झालं' असं हवं असणाऱ्यांना हे पटणार नाही.

इंटरनेट नको म्हटल्यावर काय जातं, तेही सांगते. बोलून लिहिणं जातं, आणि त्याची उणीव मला खरंच भासते. लांब मजकूर असेल तेव्हा मी अजूनही मोठ्या कंपनीचा कीबोर्ड पुढे आणते, बोलते आणि परत जाते. फूटो नावाच्या कीबोर्डात आवाज फोनमध्येच ओळखला जातो, इंग्रजीला तो बऱ्यापैकी कामाचा वाटला.

आयफोनवाल्यांसाठी थोडक्यात: बाहेरचे कीबोर्ड तिथे २०१४ मध्ये, आयओएस ८ पासून आले. पासवर्डच्या चौकटीत फोन आपणहून स्वतःचाच कीबोर्ड आणतो आणि 'फुल ॲक्सेस' दिल्याशिवाय बाहेरच्या कीबोर्डला इंटरनेट मिळत नाही. हे उत्तम आहे. पण मध्येच कीबोर्ड बदलल्याने लय तुटते, असं वापरणाऱ्या मैत्रिणी सांगतात.

आणखी एक, सवय लावण्याआधी तो कीबोर्ड किती टिकेल याचा अंदाज घ्या. स्वाइप २०१८ मध्ये बंदच झाला. स्विफ्टकी २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतला, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आयफोनवरून काढला आणि पुढच्याच महिन्यात परत आणला. मधल्या काळात त्यावर बोटं बसलेल्यांनी काय करायचं? म्हणून मी शिकवलेले शब्द आणि सेटिंग अधूनमधून फाइलमध्ये काढून ठेवते.

जुना कीबोर्ड पूर्ण बंद मात्र करू नका. फोन रीस्टार्ट केल्यावर पहिल्यांदा कुलूप उघडताना काही बाहेरचे कीबोर्ड उठतच नाहीत, तिथे जुनाच कामी येतो. माझ्याकडे तो यादीत तळाला आहे. त्याच्या वर थंब-की इंग्रजीसाठी, आणि सगळ्यात वर हेलीबोर्ड. एका ॲपच्या शोधचौकटीत अजूनही बॅकस्पेस दाबलं की दोन-दोन अक्षरं जातात. ते ॲपचं दुखणं आहे की कीबोर्डचं, यावर दोघांचे बनवणारे एकमेकांकडे बोट दाखवतात.