ट्रेलर की तंबू? डोंगरातल्या तीन दिवसांच्या सुट्टीसाठी

जोडून सुट्टी आली, डोंगरातल्या उद्यानात मुक्काम ठरला. आता झोपायची सोय असलेला ट्रेलर गाडीमागे ओढत न्यायचा की तंबू डिकीत टाकायचा? मी दोन्ही केलंय. खरा फरक पोचल्यावर नाही, घाटातच कळतो.

ट्रेलरच्या एकूण वजनातला १० ते १५ टक्के भार गाडीच्या हुकवर यायला हवा. मागे सामान कोंबलं की तो घटतो आणि उतारावर ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो. माझा डुलला होता. पाण्याचे भरलेले कॅन मागच्या कप्प्यात ठेवले, एवढीच चूक. ते चाकांच्या जरा पुढे आणून ठेवले, मग शांत झाला. उतरताना खालचा गिअर हवाच. नुसत्या ब्रेकवर विसंबलात तर ते तापून लागेनासे होतात. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नसलेलं इंजिन उंचीवर दमतं ते वेगळंच : दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के ताकद कमी. तंबूवाल्याला ओझंच कमी, तो निवांत.

रात्री मात्र पारडं फिरतं. १,००० मीटर चढलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. ट्रेलरमध्ये गादी, हीटर, कोरडे मोजे. तंबूत पहाटे श्वासाची वाफ कापडावर जमते आणि नेमकी नाकावर टपकते. (थंडी वाजते म्हणून आत शेगडी पेटवू नका, तिच्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.)

पोरं लहान असतील तर मी ट्रेलरच नेईन. दोघंच असू तर तंबू. ट्रेलर रिव्हर्स घेतानाची भांडणंही वाचतात.