आत्यांची शुगर आणि व्हिडिओवरच्या डॉक्टर: ८ महिन्यांचा अनुभव

आमच्या आत्या म्हणजे सासूबाई, वय ६४, शुगर १४ वर्षांपासून, इन्सुलिन ३ वर्षांपासून. आम्ही जत तालुक्यातले. शुगरची तीन महिन्यांची सरासरी, ते एचबीएवनसी म्हणतात ना, ती गेल्या जुलैत १०.६ आली. गावात दर वेळी डोस वाढवून द्यायचे आणि आम्ही घरी येऊन आत्यांच्या चहातल्या साखरेवरून भांडायचो. पुण्याला न्यायचं म्हणजे रात्रीची एसटी, मुक्काम आणि यांचा दोन दिवसांचा खाडा, त्यामुळे ते राहूनच जायचं. शेवटी नणंदेने पुण्यातल्या एका हार्मोनच्या स्पेशालिस्ट मॅडमची व्हिडिओ अपॉइंटमेंट घेऊन दिली, फी ७००.

पहिल्या कॉलला आत्या नवीन लुगडं नेसून बसल्या होत्या आणि फोनमध्ये ओरडून बोलत होत्या, पुण्यापर्यंत आवाज जायला पाहिजे म्हणून. रेंज फक्त स्लॅबवर येते त्यामुळे सगळं तिथंच. मॅडमनी रिपोर्ट आधीच बघितले होते. म्हणाल्या, "मावशी, गोळ्या राहू द्या, तुम्ही सुई कशी घेता ते मला करून दाखवा." मी खाली जाऊन फ्रीजमधली बाटली आणि सिरिंज आणली. मॅडम एकदम म्हणाल्या, थांबा, टोपीचा रंग कोणता?

टोपी केशरी. आणि बाटलीवर लिहिलेलं ४०.

मला तर हे माहीतच नव्हतं. बाटलीवरचा आकडा म्हणजे एका मिलीत किती युनिट इन्सुलिन ते. ४० वाल्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज लागते, केशरी टोपी १०० वाल्याची. ४० च्या बाटलीतून केशरी सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलं की अंगात जातात फक्त ८ युनिट! म्हणजे कागदावर २० आणि पोटात ८, आणि आम्ही बिचाऱ्या आत्यांना चोरून गोड खाता म्हणून बोलत होतो. लाल संपल्या होत्या म्हणून मेडिकलवाल्याने कधीतरी केशरी दिल्या आणि मग त्याच चालू राहिल्या. उलटं झालं असतं, १०० ची बाटली आणि लाल टोपी, तर अडीचपट गेलं असतं, विचार करूनच घाम फुटतो. गावातल्या डॉक्टरांची तरी काय चूक म्हणायची, दवाखान्यात कोण सिरिंज घेऊन जातं?

लाल सिरिंज आणली म्हणून लगेच २० नाही दिले हां, खऱ्या २० ने शुगर धाडकन उतरली असती. १० पासून सुरू केलं, दर ४ दिवसांनी वहीचा फोटो पाठवायचा मग २-२ ने वाढवायचं. बेंबीच्या डावीकडे रोज एकाच जागी टोचून गाठ झाली होती, तिथं औषध नीट शोषलं जात नाही म्हणे, त्यामुळे आता जागा बदलून घेतात. बाटली जोरात हलवायची नाही, तळहातांत घोळवायची, दुधासारखी एकसारखी झाली पाहिजे.

एकदा मात्र घाबरलो. संकष्टी होती. आत्यांनी सवयीने सातला सुई घेतली आणि चंद्र उगवला नऊच्या पुढे. पावणेनऊला हात थरथरायला लागले, घामाने भिजल्या, मशीनवर ५८. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी परत तपासलं तर ८४, मग चंद्राची वाट न बघता जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, सुई घड्याळ बघून नाही, ताट बघून घ्यायची, जेवायच्या अर्धा तास आधी, आणि उपवासाचा डोस मला आधी विचारायचा.

गेल्या महिन्यात मशीनवर ३४२ आली, घरात रडारड. फोन केला तर पहिला प्रश्न, हात धुतले होते का? आत्या सकाळपासून बेदाणा निवडत होत्या, बोटं चिकट. धुऊन परत घेतली, १७६.

त्रास पण सांगते. ११ ची वेळ देतात, कॉल येतो पाऊण-एकला, तोवर उन्हात स्लॅबवर बसा. ॲप मध्येच बंद पडतं, दोनदा अर्धा कॉल साध्या फोनवर झाला. मोबाईलवरची चिठ्ठी बघून मेडिकलवाला आधी औषध देईना, सही-शिक्का पाहिजे म्हणे, मग मॅडमचा रजिस्ट्रेशन नंबर दाखवला तेव्हा दिलं. शुगर तपासायच्या मशीनच्या स्ट्रिप्सचा खर्च तर विचारूच नका, फीपेक्षा जास्त जातो. फीच परवडत नसेल तर सरकारी ई-संजीवनी फुकट आहे, आमच्या उपकेंद्रातल्या सीएचओ म्हणजे आरोग्य अधिकारी मॅडम जावेच्या बीपीसाठी त्यावरूनच डॉक्टर जोडून देतात.

आणि पाय. पायाच्या बोटांमध्ये चीर पडली होती, मी कॅमेरा जवळ नेऊन दाखवला पण मॅडमनी स्पष्ट सांगितलं, हे फोनवर होणार नाही, नाडी हाताला लागली पाहिजे, घेऊन या. गेलो. तिथं नायलॉनची तार तळव्याला टेकवून बघितली, तर डाव्या अंगठ्याला काहीच कळत नव्हतं. तेव्हापासून घरातसुद्धा चप्पल.

आत्ताचा एचबीएवनसी ७.८. मॅडमना अजून थोडा खाली पाहिजे, आत्यांना मात्र भाकरी तीनच्या दोन केल्याचा राग आहे. डोळ्यांचा पडदा तपासायचं राहिलंय, ते पण फोनवर होत नाही. बेदाण्याचं काम उरकलं की मिरजेला नेणार आहे.